कृपेची पांढरी खूण

संध्याकाळचे सहा वाजले आणि व्यायामशाळेच्या हॉलमध्ये दीडशे माणसांनी एकदम बाह्या वर सारल्या.

ही व्यायामशाळा बंद पडून वर्ष झालं होतं. वजनं कुठे गेली कुणास ठाऊक, पण भिंतीवरचे आरसे जागेवरच होते आणि कोपऱ्यात एका पहिलवानाचं पोस्टर कडा सुटून लटकत होतं. त्याच पहिलवानाच्या पायाशी, उताणं पडून वजन उचलायच्या बाकावर पांढरी चादर अंथरून खूणवाले महाराज बसले होते. आरशांमुळे ते एकाच वेळी अकरा ठिकाणी दिसत. भक्तांनी हेही चमत्कारातच जमा केलं होतं.

कार्यक्रम ठरलेला असे. सकाळी सातला रांग लागायची. महाराज वाटीतल्या पाण्यासारख्या कृपाजलात बोट बुडवायचे, भक्ताच्या हाताच्या आतल्या बाजूला एक त्रिकोण काढायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. त्रिकोण काढता काढताच सुकून जायचा. मग त्यावर 'कवच' गुंडाळलं जाई. कवच म्हणजे उरलेलं अन्न झाकायला आपण वापरतो तो पातळ प्लास्टिकचा कागद, पण महाराजांच्या हातून आला की त्याचं कवच व्हायचं. दिवसभर ते भिजवायचं नाही. संध्याकाळी सहाला सगळ्यांनी मिळून ते सोडायचं.

ते सोडलं की जिथून बोट फिरलं होतं तिथे कातडी पांढरीफटक. हुबेहूब त्रिकोण. साबणाने धुवा, दगडाने घासा, जात नाही. आणि दुसऱ्या दिवशी आपोआप नाहीसा.

"रंग असता तर पुसला असता," महाराज माइकवर म्हणत होते. "पीठ असतं तर झडलं असतं. ही खूण वरून लावलेली नाही, आतून आलेली आहे. रक्त ज्याचं शुद्ध, त्यालाच ती दिसते. सकाळी स्पर्श, संध्याकाळी साक्षात्कार. विज्ञानाला विचारा, विज्ञान मान खाली घालेल."

मागच्या रांगेत उभ्या असलेल्या नजरबाईंनी मान खाली घातली खरी, पण शेजारणीचा हात नीट दिसावा म्हणून. त्यांनी त्रिकोण जवळून पाहिला, डोकं तिरकं करून बाजूने पाहिला आणि सवयीने पुटपुटल्या, "तीन."

"तीन काय?" शेजारणीने विचारलं.

"काही नाही," नजरबाई म्हणाल्या.

त्या 'तीन'चं कारण असं, की नजरबाई गेली एकोणीस वर्षं पगार घेऊन हेच काम करत होत्या. औषधं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कातडीवर लावायच्या स्टिरॉइडच्या मलमांची ताकद मोजली जाई. ती मोजायची रीत ऐकून लोक हसत. स्टिरॉइड कातडीत मुरलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी झालं की कातडी फिकी पडते. मलम जितकं कडक, तितकी ती पांढरी. म्हणून स्वेच्छेने आलेल्या माणसांच्या हातावर वेगवेगळ्या मलमांचे ठिपके लावायचे, झाकायचे, काही तास थांबायचं आणि मग पाहायचं. यंत्रंही आली होती, पण अजून शेवटचा शब्द सरावलेल्या डोळ्यांचाच असे. काहीच बदल नाही तर शून्य, जेमतेम फिकं तर एक, स्पष्ट दिसलं तर दोन, खडूसारखं तर तीन. हे आकडे देणारी नजर बाईंची, म्हणून कामावर त्या नजरबाई आणि घरी धाकटी.

थोडक्यात, महाराज जो साक्षात्कार घडवत होते तो नजरबाई रोज अकरा ते पाच घडवत असत आणि मधे जेवणाची सुट्टीही घेत.

त्या इथे आल्या होत्या त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी. ताईच्या गालांवर चार महिन्यांपूर्वी पुरळ उठलं होतं. महाराजांचा 'कृपालेप' लावला आणि चौथ्या दिवशी चेहरा आरशासारखा झाला. ताईने गल्लीभर सांगितलं. पण लेप थांबवला की गाल पेटायचे, लावला की शमायचे, आणि आता तर लावूनही लालच राहत. गालांची कातडी इतकी पातळ झाली होती की खालच्या शिरांचं जाळं दिसे. महाराज म्हणाले, आतली घाण बाहेर पडतेय, लेप दुप्पट करा. ताईने केला.

त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. ताईच्या हातावर त्रिकोण कधीच उमटला नव्हता. सहा वेळा बोट फिरवून घेतलं, सहाही वेळा हात कोरा. महाराजांनी सगळ्यांदेखत उसासा सोडून श्रद्धा कमी पडतेय म्हणून सांगितलं होतं. आईमागे धाकटीला वाढवणारी, आयुष्यात कुणाचं वाईट न चिंतलेली ती बाई तेव्हापासून उन्हाळ्यातही बाह्या खाली ठेवून फिरत होती.

ताईचे यजमान, म्हणजे नजरबाईंचे भावोजी, निवृत्त बसकंडक्टर. घंटी गेली, गर्दी गेली, आवाज तेवढा उरला होता. महाराजांनी त्यांच्या हाती माइक दिला आणि भावोजींना पुन्हा सूर सापडला. "पुढे सरका, पुढे जागा आहे, दारात उभं राहू नका," असं म्हणून ते भक्तांना महाराजांकडे ढकलत.

नजरबाईंनी आधी समजावायचा प्रयत्न केला होता, म्हणजे भांडण केलं होतं. लेपाच्या डबीत कडक स्टिरॉइड आहे, डबीवर नाव नाही, गाव नाही, हे जळतंय तुझ्या तोंडावर, असं त्या ताईच्या स्वयंपाकघरात ओरडून आल्या. ताईने शांतपणे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी दुप्पटचं चौपट केलं. शिवाय सांगितलं की तीन महिन्यांच्या नातीच्या मांडीवर पुरळ आलंय, येत्या रविवारी महाराज तिला लेप लावणार आहेत. नजरबाईंनी मनात हिशोब केला. तान्ह्या पोरीची कातडी ती केवढी, आणि हे औषध तिच्यातून थेट अंगात भिनणार.

म्हणून आज त्या स्वतः पाहायला आल्या होत्या. तेवढ्यात महाराजांनी आशीर्वादाला हात उंचावला, लांब बाही कोपरापर्यंत घसरली, आणि आरशांत अकरा हात दिसले.

नजरबाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. बाजारात ओळखीच्या बाईने हाक मारली तर त्या आधी तिच्या मनगटाकडे पाहत आणि मग म्हणत, "अगं, तू होय." हा हात त्यांनी पाहिला होता. कोपराखाली एका ओळीत तीन तीळ आणि बाजूला इस्त्रीच्या चटक्याचा डाग. तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत चाचणीसाठी हात द्यायला आलेला, सतरा नंबर. फार प्रश्न विचारायचा. हे पांढरं का होतं, किती वेळ राहतं, बोटाने लावलं तरी चालतं का. नजरबाईंनी कौतुकाने एकेक गोष्ट समजावली होती. इतका चौकस माणूस त्यांना आवडला होता.

दुसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. सतरा नंबरचं भांडं गल्लीत फोडते, म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. इथे हात देऊन गेलेल्या माणसाची ओळख बाहेर काढायची नाही, हा शब्द आपण प्रत्येकाला दिलेला आहे, आणि तो फक्त सज्जनांसाठी नाही.

"मग मी करू तरी काय?" नजरबाई रडकुंडीला आल्या.

"तुम्हाला दुसरं काय येतं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोजा."

म्हणजे भक्तांच्याच हातांवर तीच चाचणी घ्यायची. एका माणसावर चार ठिपके, तेही एकदाच, यात धोका नव्हता. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन बसायला तयार झाल्या. प्रश्न होता महाराजांनी हो म्हणण्याचा. तो भावोजींनी सोडवला. मेहुणीचं नाक कापायची संधी आयती चालून आली म्हणून त्यांनी महाराजांना न विचारताच माइकवर जाहीर केलं, की शनिवारी सकाळी विज्ञान विरुद्ध कृपा असा उघड मुकाबला होईल, सर्वांनी वेळेवर यावं, सुटे हात घेऊन यावं. टाळ्या पडल्या. महाराज अकराही आरशांत कसंनुसं हसले.

शनिवारी दहा हात निवडले गेले. नवांवर नेहमी लख्ख खूण उमटत असे. दहावा हात ताईचा. ती नको नको म्हणत होती, पण भावोजींनी ढकललं.

नजरबाईंनी अटी मांडल्या. प्रत्येक हातावर चार जागा. एका जागी महाराजांचं कृपाजल, पण लावणार दुसराच माणूस. एका जागी कृपाजलासारखंच झटकन सुकणारं नुसतं स्पिरिट, पण लावणार स्वतः महाराज, पूर्ण मंत्रासकट. एका जागी कृपालेप, एका जागी औषधांच्या दुकानातली सर्वांत कडक स्टिरॉइडची ट्यूब. कुठली जागा कशाला द्यायची, ते दहाही हातांसाठी एकदाच भावोजींनी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि कागद खिशात ठेवायचा. आणि हे सगळं होईपर्यंत नजरबाईंनी गल्लीच्या टोकाला न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायचं, म्हणजे कुठे काय आहे ते त्यांना कळणार नाही.

महाराजांनी आधी साबणाने हात धुवावेत, ही शेवटची अट. महाराज म्हणाले, साबणाने पावित्र्य उतरतं.

"महाराज, पावित्र्य साबणाने जात नाही असं आपणच परवा सांगितलंत," भावोजी माइकवरून भक्तिभावाने म्हणाले. महाराजांनी हात धुतले.

दुसरा माणूस कोण, यावर बराच काथ्याकूट झाला. श्रद्धावान चालेना, नास्तिक चालेना. शेवटी मोरीतला नळ दुरुस्त करायला आलेला नळवाला सापडला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. त्याने पाना कमरेला खोचला, हात धुतले, शीळ घालत घालत दहा हातांवर तीन तीन ठिपके लावले आणि पुन्हा नळाकडे गेला. महाराजांनी मात्र डोळे मिटून, एकेका हातावर दोन दोन मिनिटं पुटपुटून स्पिरिट लावलं. सगळ्यांना कवचं बांधली. दिवसभर कुणी कवच सोडू नये म्हणून भावोजी गल्लीतून तिकीट तपासल्यासारखे फेऱ्या मारत होते.

संध्याकाळी सहाला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नजरबाईंनी घरून टेबलावरचा दिवा आणला होता. तो त्यांनी बाजूला तिरपा ठेवला. पहिला हात पुढे आला. कवच सुटलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोकं तिरकं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच दीडशे माणसांसमोर आपलं रोजचं काम केलं.

"तीन, शून्य, तीन, तीन."

डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर लिहिलं. दुसरा हात. तीन, शून्य, दोन, तीन. तिसरा, चौथा, पाचवा. आकडे थोडे वरखाली होत, पण दुसऱ्या जागेवर प्रत्येक वेळी शून्य. नऊ हात झाले. मग ताईचा आला. तिने मान फिरवली होती. नजरबाईंनी दिवा इकडून धरला, तिकडून धरला आणि म्हणाल्या, "शून्य, शून्य, शून्य, शून्य."

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी च् च् केलं.

"भावोजी, कागद वाचा," नजरबाई म्हणाल्या.

भावोजींनी खिशातून कागद काढला आणि कंडक्टरी आवाजात सुरुवात केली. "पहिली जागा. महाराजांचं कृपाजल. लावणार, नळवाला." आवाज थोडा उतरला. "तिसरी जागा. कृपालेप. लावणार, नळवाला. चौथी जागा. दुकानातली ट्यूब. लावणार, नळवाला." मग घसा खाकरला. "दुसरी जागा. स्पिरिट. लावणार..." पुढचं माइक असूनही ऐकू आलं नाही.

"लावणार कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"महाराज," भावोजी म्हणाले आणि माइक खाली धरला.

मोरीच्या दारातून, अजूनही त्याच नळाशी झटत असलेल्या नळवाल्याने विचारलं, काही चुकलं का. एक म्हातारी उठून त्याच्या पाया पडायला निघाली, तिला लोकांनी धरून बसवलं.

मग नजरबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं. बोटात काही नाही, वाटीत आहे. वाटीत स्पिरिटमध्ये विरघळवलेलं कडक स्टिरॉइड आहे, डबीतही तेच. त्याने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून कातडी पांढरी पडते, परिणाम ओसरला की ती पूर्ववत होते. त्यामुळेच पुरळ चार दिवसांत मावळतं आणि त्यामुळेच महिनोन् महिने लावलं की कातडी झिजते. औषध वाईट नाही. नाव लपवून, माप न सांगता, तोंडाला आणि तान्ह्या लेकरांना फासणं वाईट.

महाराज सावरले होते. ते म्हणाले की कृपा वाटीत आधीच उतरलेली असते, नळवाला निमित्तमात्र. आणि शंका असणाऱ्यांनी या माउलीकडे पाहावं, असं म्हणत त्यांनी ताईकडे बोट केलं. श्रद्धा नाही, म्हणून खूण नाही.

ताईने आपल्या कोऱ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग धाकट्या बहिणीला विचारलं, "चौथी जागा दुकानातल्या ट्यूबची ना? माझ्या हातावर तीही उठली नाही?"

"नाही उठली."

"ट्यूबवर श्रद्धा लागते का गं?"

"नाही ताई. काही लोकांची कातडी अशी पांढरी होतच नाही. अशा माणसांना आम्ही चाचणीत घेतच नाही. तुझ्या श्रद्धेत खोट नाही, तुझ्या रक्तवाहिन्या हट्टी आहेत. तुझ्यासारख्याच."

कुणीतरी हसलं. ताई हसली नाही. ती उठली, बाही पूर्ण वर सारली आणि महाराजांच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "सकाळी ही न्हाव्याकडे बसली होती तेव्हा तुम्ही नळवाल्याला दोनदा टोकलंत. मनगटापासून चार बोटं सोडून लाव, म्हणालात. चोळू नकोस, ठिपके एकमेकांजवळ आणू नकोस, म्हणालात. मी तिथेच बसले होते. देवाच्या कृपेला मनगट का चालत नाही?"

महाराजांनी पाण्याचा घोट घेतला.

"तसा नियम आहे."

"कुठला नियम?"

महाराजांनी भावोजींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, दारात गर्दी होती. शेवटी त्यांनी नजरबाईंकडे पाहिलं. नजरबाई ओठ घट्ट मिटून छताकडे पाहत होत्या. सतरा हा आकडा त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता आणि त्या तो गिळत होत्या. महाराजांना वाटलं, ही आता बोलणारच. त्यापेक्षा आपणच आधी बोललेलं बरं.

"मला काय विचारता, या बाईंनाच विचारा," ते एकदम फिस्कारले. "यांनीच तर शिकवलंय. मनगटाजवळ लावलं की ठिपका नीट उमटत नाही, असं यांनीच सांगितलं मला. सगळं यांनीच सांगितलं."

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग भावोजींच्या आलं. त्यांनी माइक पुन्हा तोंडाशी नेला.

"म्हणजे महाराज, खूण आतून येत नाही. मेहुणीच्या प्रयोगशाळेतून येते."

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. दीडशे माणसं एकदम हसली की संताप करायलाही जागा उरत नाही. महाराज मोरीच्या दाराने निघाले, तर नळवाल्याने तिथे पाणी तुंबवून ठेवलेलं. ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून गेले आणि अकराही आरशांतून नाहीसे झाले. वाटी आणि डब्या डॉक्टरीणबाईंनी रीतसर तपासायला पाठवल्या. अहवाल आला तो नजरबाईंनी दिलेल्या आकड्यांशी जुळणाराच होता. मग औषध खात्याची माणसं महाराजांच्या शोधात निघाली आणि दोन गावं सोडून तिसऱ्या ठिकाणी, एका रिकाम्या शिकवणीच्या वर्गात, फळ्यासमोर बसलेले ते त्यांना सापडले.

नातीला लेप लागला नाही. तिच्या मांडीवरचं पुरळ लंगोट वेळेवर बदलल्याने आणि कातडी कोरडी ठेवल्याने आठवड्यात गेलं.

ताईचं मात्र सोपं नव्हतं. त्वचेच्या डॉक्टरांनी लेप सोडवताना आधीच बजावलं, की चेहरा सुधारण्याआधी बिघडेल. तसंच झालं. तीन आठवडे ती आरशासमोर उभी राहत नव्हती. रोज संध्याकाळी नजरबाई कामावरून थेट तिच्याकडे जायच्या, थंड पाण्याची घडी गालांवर ठेवायच्या. एकदा ताई म्हणाली, तू तेव्हा माझ्यावर ओरडलीस म्हणून मी ऐकलं नाही. नजरबाई म्हणाल्या, मला माहीत आहे, मी मोजायला हवं होतं. सहा महिन्यांनी गाल निवले. शिरांचं जाळं थोडं राहिलं, ते राहणारच, असं डॉक्टर म्हणाले.

गल्लीतल्या काहीजणांना अजूनही वाटतं, की महाराज खरे होते, फक्त त्या दिवशी त्यांची शक्ती क्षीण झाली होती. अशांशी नजरबाई वाद घालत नाहीत. त्या एवढंच विचारतात, डबीवर काय लिहिलंय. काहीच लिहिलेलं नाही, असं उत्तर आलं की त्या म्हणतात, मग आधी ते विचारून या.

वाचकहो, तुम्हीही विचारा. पुरळ चार दिवसांत गेलं, कातडी एका दिवसात उजळली, हातावर न लिहिलेलं उमटलं, तर आश्चर्य जरूर वाटू द्या, आश्चर्य वाटण्यात काही पाप नाही. पण त्यानंतर वाटीत काय आहे हे विचारायला कचरू नका. विचारल्याने खऱ्या औषधाचं काही बिघडत नाही, खऱ्या डॉक्टरचा अपमान होत नाही, आणि देव असलाच, तर एवढ्याशा प्रश्नाने तो रागावेल असं वाटत नाही. रागावतो तो वाटीवाला.